मास्तर पळायचे ती जागा

मला निघोज्यात खोली मिळाली ती पगाराचा कागद दाखवून नव्हे की कोणाच्या ओळखीने नव्हे. मी जिना चढलो ते चढणं मालकांना पसंत पडलं म्हणून मिळाली. मालक जिन्याखाली बाजेवर डोळे मिटून पडले होते. मी वर जाऊन खोली पाहिली, खाली आलो आणि खाकरलो. त्यांनी डोळे न उघडताच निकाल दिला.

"ऱ्हावा तुमी. पाय सरळ पडत्यात."

माझ्या आधी एक सुपरवायझर येऊन गेला होता. इस्त्रीचे कपडे, बोलण्यात अदब, कंपनीही नावाजलेली. पण तो दोन पायऱ्या एकदम चढे, मग थांबे, मग उगाच तीन चढे. त्याला खोली शिल्लक नाही असं सांगण्यात आलं. पुढे कधीतरी मी कारण विचारलं तर मालक म्हणाले, "त्यो रोज वरखाली करनार, आन् मी खाली बसून त्येचा ठेका हुडकत बसायचा व्हय?"

तेव्हा मी चाकणच्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करत होतो. आता आकुर्डीला राहतो. इथे लिफ्ट आहे, त्यामुळे माझे पाय कसे पडतात याची कोणाला पर्वा नाही.

मालकांचं घराणं गावातलं जुनं. शेतं होती तिथे आता कारखाने उभे होते, आणि गच्चीवर उभं राहून मालक ती मला दाखवत. "त्या निळ्या पत्र्याखाली आमचा हरभरा. गेटाच्या आत ती टाकी दिसती न्हवं, तितं हीर हुती." नातेवाइकांची घरं दाखवावीत तसं दाखवत, त्यात दुःखही नसे आणि ऐटही नसे. उरलेल्या जागेवर त्यांनी तीन मजले चढवून कामगारांना खोल्या काढल्या होत्या. गावात बाकीच्यांनीही तेच केलं होतं, पण त्यांच्या इमारतींना राजवाड्यांची नावं होती आणि दारात सिमेंटचे सिंह होते. एका सिंहाच्या जबड्यात तर दिवा होता. मालकांच्या इमारतीला नावच नव्हतं. पत्ता विचारणाऱ्याला लोक सांगत, ढोलकीची बिल्डिंग.

रात्रपाळी असली की मी दुपारी झोपायचो. अर्धी इमारतच दुपारी झोपलेली असे. माझी खोली गच्चीच्या बरोबर खाली. डोळा लागतो न लागतो तोच वरून ढोलकी झिरपायला लागायची. मोठा आवाज नव्हे. स्लॅबमधून पाणी यावं तशी यायची, थेंबाथेंबाने. स्वप्नात माझ्यासमोरून कारखान्यातले लोखंडी भाग एकामागून एक सरकत असत, आणि त्या ठेक्यावर ते मान डोलावून पुढे जात. मी प्रत्येकाला पास करून टाकायचो. जागेपणी मी इतका उदार कधीच नव्हतो.

एका दुपारी झोप मोडली म्हणून वर गेलो. दोऱ्यांवर सगळ्यांचे गणवेश वाळत होते, राखाडी आणि निळे, वाऱ्याने छाती भरलेले. मधूनच एखादी बाही वर होई, कोणी हजेरी देत असल्यासारखी. त्यांच्या सावलीत घोंगडीवर मालक ढोलकी मांडीखाली धरून बसलेले. समोर चौघडी घातलेली गोधडी, गोधडीवर मुठीएवढा स्पीकर, आणि स्पीकरवर ओला पंचा.

"पंचा कशाला?" मी विचारलं.

"ऊन लागतंय त्येला. पित्ताचा मानूस."

स्पीकरला पित्त होतं. मी खाली जाऊन पुन्हा झोपलो.

हे पित्त कोणाचं, ते मला हळूहळू कळलं. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा माणूस मालकांचा लहानपणापासूनचा दोस्त होता. शाळेत त्याने कधी शिकवलं नाही. पेटी वाजवणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून मास्तर. मास्तरांचीही जमीन गेली आणि त्यांनी कंपनीत नोकरी धरली. मंडळाचा सराव मारुतीच्या देवळात दुपारी चाले, कारण मंडळातले बरेच जण दुसऱ्या पाळीला जाणारे. पाळीची बस फाट्यावर येई. देवळाच्या पायरीवरून फाटा दिसे, आणि हे देवळाच्या दृष्टीने सोयीचं असलं तरी संगीताच्या दृष्टीने वाईट होतं.

मास्तर पेटी गोड वाजवत, पण एक गौळण होती, तिचा दुसरा अंतरा संपून मुखड्याकडे वळायचं असे, तिथे त्यांना बस आठवायची. बोटं पळत सुटायची. मालक ओरडायचे, "आरं पळू नगंस!" आणि ओरडत ओरडत स्वतःही मागे पळायचे, कारण ढोलकीने पेटीला एकटं सोडायचं नसतं. गुरुवारी कंपनीला सुट्टी असे. बस येणार नसे. मास्तर तरीही त्या जागी पळायचे.

खरंच उशीर झाला तर मालकांची वेगळी योजना होती. ढोलकी खाली ठेवून ते सायकलवर टांग टाकत, आधी फाट्यावर पोचत आणि बसच्या समोर उभे राहून ड्रायव्हरशी भांडण काढत. टायरात हवाच कमी आहे, काल आमच्या कोंबडीवर गाडी घातली, हॉर्नच मोठा आहे, काहीही. ड्रायव्हर सगळं ओळखून होता. तोही भांडणात मनापासून भाग घेई. मग लांबून मास्तर शर्टाची बटणं लावत येताना दिसत, आणि भांडण मिटे.

एकदा मालकांची स्कूटर खडीवर घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मंडळ ढोलकीवाचून बसलं. तेव्हा मास्तर एके दुपारी त्यांच्याकडे पेटी घेऊन आले, मालकांचा फोन समोर ठेवला आणि ती गौळण सबंध वाजवली, नुसती पेटी. हात बरा झाला की ह्याच्यावर वाजवत बस, सवय जायला नको, असं सांगून बस पकडायला गेले.

प्लास्टर सुटायच्या आधीच मास्तर वारले. झोपेत.

"जल्मात पयल्यांदा सावकाश गेला," मालक म्हणत.

ते ध्वनिमुद्रण मी इतक्या वेळा ऐकलं की आजही भाजी चिरताना ते माझ्या डोक्यात सुरू होतं. आधी मास्तरांचा आवाज, "हं, धर." मग पेटी. एक खोकला. लांब कुठेतरी गाडीचा हॉर्न. आणि दुसऱ्या अंतऱ्यानंतर ती पळापळ. मालक रोज दुपारी त्या वेळेला वाजवायला बसत, रोज त्या जागी ओरडत, "थांब की लेका, कुटं चाललास!" आणि रोज मागे धावत. स्पीकरची बॅटरी संपत आली की आतून एक बाई इंग्रजीत काहीतरी बजावून सांगे. मालक लगेच ढोलकी खाली ठेवत. "झालं. मास्तरीनबाई बोलवाय लागली."

काकूंना, म्हणजे मालकांच्या बायकोला, हा प्रकार घराला बरा नाही असं वाटत असावं. त्यांनी एकदा पितृपक्षात स्पीकरला झेंडूचा हार घातला. मालक भयंकर संतापले.

"अवो, काय वंगाळ केलं मी?" काकू म्हणाल्या.

"हार कुनाला घालत्यात? त्यो हितं वाजवतोय, आन् तू त्येला हार घालती?"

मी पुस्तकं वाचणारा माणूस. अशा गोष्टींना एक शहाणपणाचं नाव असतं आणि मला ते माहीत होतं. एकदा मी फक्त इतकंच म्हणालो, की मालक, ध्वनिमुद्रण रोज तेच असतं. मास्तर रोज तितकेच पळतात.

"न्हाई सायेब," ते म्हणाले. "काल जरा कमी पळाला. परवा लईच. तुमी झोपेत ऐकता."

झोपेत ऐकतो हे खरं होतं.

माझ्या ऑफिसातले एक गृहस्थ निगडीच्या गाण्याच्या क्लबात होते. निवृत्त मंडळी हॉल घेत, पडद्यावर शब्द येत, ट्रॅक वाजे आणि त्यावर जुनी गाणी म्हणत. क्लबच्या नावात अकादमी, प्रबोधिनी आणि प्रतिष्ठान हे तिन्ही शब्द होते. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष आणि मार्गदर्शक एवढे जण उठून व्यासपीठावर गेले की खुर्च्यांवर फारसं कोणी उरत नसे. त्यांना ट्रॅकच्या जोडीला खरी ढोलकी हवी होती, म्हणून मी मालकांना घेऊन गेलो. छातीवर बशीएवढा बिल्ला लावून ते पहिल्या रांगेत बसले. पहिला गायक सुरुवातीलाच चुकला आणि शेवटपर्यंत ट्रॅकच्या मागे धावत राहिला, सुटलेल्या रिक्षामागे धावावं तसा.

मालक माझ्या कानाशी आले. "ह्यांचा मास्तर लई कडक हाय. मागं वळूनबी बगत न्हाई."

त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी क्लबचा ट्रॅक नाकारला आणि आपला फोन पुढे केला. मोठ्या स्पीकरांमधून मास्तर "हं, धर" म्हणाले. हॉल थोडा दचकला. पहिला अंतरा झाला. दुसऱ्याच्या मध्यावर प्रमुख पाहुणे आले. फलकावर त्यांच्या नावाआधी 'भावी' असं छापलेलं होतं. ऑपरेटरने ट्रॅक थांबवला. शाल झाली, नारळ झाला, पुष्पगुच्छ झाला, मनोगत झालं. एवढा सगळा वेळ मालकांचा हात ढोलकीच्या वर, हवेत, होता तिथेच होता. पाहुण्यांना वाटलं आपल्याला अभिवादन चाललंय. त्यांनी भाषणाच्या मध्येच दोनदा हात हलवून त्याचा स्वीकार केला.

"हां काका, करू चालू?" ऑपरेटर म्हणाला.

"येवढा येळ भाता उघडा धरून बशिवलं त्येला!" मालक म्हणाले. "बसा म्हनावं तरी!" आणि फोन काढून घेतला, ढोलकी खांद्याला लावली आणि निघाले. बिल्ला त्यांनी जाताना पाहुण्यांच्या खुर्चीवर ठेवला.

निगडीहून परतताना सिटी बसमध्ये त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि राहिलेली गौळण लावली. अर्ध्यात सोडून येणं बरोबर नाही म्हणाले. समोरच्या सीटच्या दांडीवर बोटं चालू.

"काका, हेडफोन लावा," कंडक्टर म्हणाला.

"मंग ढोलकी कुटं लावू?"

कंडक्टरने विचार केला आणि पुढे गेला. बाहेर कारखान्यांच्या भिंती एकामागून एक सरकत होत्या, वर पांढरट आभाळ होतं, आणि दुसऱ्या अंतऱ्यानंतर, रस्त्यात बस थांबलेली असताना, मास्तर बस पकडायला पळाले.

माझ्या शेजारच्या खोलीत लातूरकडचा एक इंजिनिअर राहत होता. मालक त्याला "ए लातूर" अशी हाक मारत. मुलखाचा गुणी माणूस. काकूंची गॅसची नळी त्याने बदलली होती, जिन्यातला दिवा आपोआप लागेल असा केला होता. कंपनीत त्याचं कामच सुधारणा करण्याचं होतं. कुठे काही वाकडं, कमीजास्त, मागेपुढे दिसलं की त्याच्या जिवाला लागे. मालकांच्या फोनची काच तडकली आणि तो मधेमधे बंद पडू लागला, तेव्हा तो नेऊन नवीन फोन आणून देण्याचं त्याने आपणहून अंगावर घेतलं. मालकांच्या वाढदिवसाला तो फोन घेऊन गच्चीवर आला. चेहरा असा, की आता आपलं कौतुक होणार आणि आपण लाजणार.

"मालक, लावून बघा की. लई मेहनत घेतलीय."

मालकांनी ढोलकी घेतली. स्पीकरमधून "हं, धर" आलं. इतकं स्वच्छ, की मास्तर गोधडीवर बसलेत असं वाटावं. खोकला नव्हता. हॉर्न नव्हता. पेटी काचेसारखी. मालकांची मान डोलली, आणि लातूरने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

दुसरा अंतरा संपला. "आरं पळू नगंस!" मालक ओरडले आणि धावले.

मास्तर पळाले नाहीत. पेटी सरळ, सावकाश, मोजल्यासारखी मुखड्यावर आली. मालक तिथे आधीच पोचून एकटे उभे होते. हात थांबला. गौळण पुढे चालूच राहिली आणि संपली.

"मास्तर आज निवांत हाय," मालक म्हणाले. "बस चुकली का काय त्येची?"

"तीच तर चूक होती मालक! तिथं लय वाढायची. मी सगळं एका लयीत बसवलंय बघा. आता वाजवायला एकदम सोपं."

"मागलं कुटं हाय?"

लातूरला प्रश्न समजला नाही. त्याने नवं जुन्याच्याच जागी साठवलं होतं, आणि जुना फोन नव्याच्या बदल्यात दुकानात देऊन टाकला होता. आमच्या कारखान्यांत हे असंच करतात. सुधारित ड्रॉइंग आलं की जुनं त्याच दिवशी फाडायचं, नाहीतर कोणीतरी चुकून जुन्यावर माल बनवतो. तो आपल्या धंद्याला जागला होता.

मालकांनी ढोलकी फडक्यात गुंडाळली. रागावले नाहीत. जिना उतरून खाली गेले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचे पाय वेडेवाकडे पडताना ऐकले.

ढोलकी बंद झाली आणि इमारतीची झोप उडाली. रात्रपाळीवाले दुपारी दारात येऊन बसत, एकमेकांकडे संशयाने बघत. एक जण, ज्याने पूर्वी ढोलकीची तक्रार केली होती, तो मालकांना विचारायला गेला की तब्येत बरी आहे ना. लातूरने फोनच्या दुकानात खेटे घातले. तो फोन पुढे कुठे गेला ते दुकानदारालाही माहीत नव्हतं. मग तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे बसू लागला.

"सर, मी तर चांगलंच करायलो होतो की."

"माहीत आहे."

"ते पळणं परत घालून देतो. किती पळायचे तेवढं फक्त सांगा म्हणावं त्यांना. टक्क्यात नाही, अंदाजे."

आम्ही दोघे खाली गेलो. मालक बाजेवर डोळे मिटून पडले होते. लातूरने विचारलं.

"कितीक?" मालक म्हणाले. "त्ये रोज येगळं हुतं, बाबा." मग कुशीवर वळून, "तू घालशील ते तुजं पळनं. त्येची बस न्हाई ती."

त्यानंतर गच्चीवर फक्त गणवेश उरले. दूरवर एका कारखान्यातला पत्रा दाबणारा मोठा प्रेस दणका देत असे, एकसारखा, दिवसभर. पूर्वी ढोलकीमुळे तो ऐकू येत नसे. आता झोपेत तोच यायचा आणि माझ्या स्वप्नातले भाग मान न डोलवता पुढे सरकायचे.

मग एका गुरुवारी, कंपन्या बंद, प्रेस बंद, कारखान्यांचा सगळा पट्टा ऊन खात पडलेला, मला वाटलं की मी झोपेत आहे. वरून थेंब थेंब येत होतं. मी जागा झालो तरी ते येतच राहिलं. जिन्यात लातूर आधीच उभा होता, अनवाणी. आम्ही शेवटच्या पायरीवर बसलो.

गोधडी अंथरलेली होती, स्पीकरवर ओला पंचा होता. तीच स्वच्छ, सरळ पेटी. मालकांचे डोळे मिटलेले. पहिला अंतरा झाला. दुसरा झाला. लातूरने माझं मनगट धरलं.

त्या जागी मालक ओरडले नाहीत. ढोलकीच पळाली. ठेका सोडून, पेटीला मागे एकटी टाकून, सायकलवर टांग टाकल्यासारखी सुसाट निघाली आणि मुखड्यावर जाऊन थांबली. मालकांचा हात हवेत वर होता. निगडीच्या हॉलमध्ये होता तसाच. पेटी मागून आपल्या चालीने येत होती.

इतके दिवस दाबून धरलेलं लातूरच्या तोंडून निसटलं, "मालक, पळू नका की!"

"गप," मालक डोळे न उघडता म्हणाले. हात तसाच वर. "येऊ दे त्येला सावकाश. बस म्या धरून ठिवलीय."